टॉवरआडचा चंद्र

संकष्टीला आई गॅलरीत ज्या फेऱ्या मारते, त्या मोजल्या तर डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचं चालणं तेवढ्यात भागेल. मोदक झाकलेले, पूजेचं ताट तयार, कॅलेंडरवर चंद्रोदय ९.४०. आणि समोर चंद्र नाही, टॉवर.

आमचं घर नौपाड्यात, चौथ्या मजल्यावर. टॉवर व्हायच्या आधी पूर्वेला पारसिकचा डोंगर दिसायचा आणि संकष्टीचा चंद्र त्याच्यामागून यायचा. कॅलेंडरवाल्यांची वेळ सपाट क्षितिजाची असते. ते ठाण्यात कुठून आणायचं?

मग मी हिशेब मांडला. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश, नुसत्या करंगळीची १ अंश. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. पारसिक तीन करंगळ्या उंच, म्हणजे बारा मिनिटांचा जादा उपास. टॉवर अख्खी मूठ, म्हणजे चाळीस. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत हे काही छापलं नव्हतं.

बरं, चंद्र दर महिन्याला टॉवरमागेच सापडतो असंही नाही. कार्तिकातल्या संकष्टीला तो डावीकडे, ईशान्येच्या अंगाला सरकून उगवतो. वैशाखात उजवीकडे, आग्नेयेला. तेव्हा आमच्याकडे जेवणं वेळेवर. श्रावणात आणि माघात मात्र तो जवळजवळ ऐन पूर्वेला. श्रावणात ढगच असतात, टॉवरला दोष देता येत नाही. हा माघ होता.

"पण मुळात पुनवेला संध्याकाळीच दिसणारा चंद्र चौथीला एवढा उशीर का करतो?" आईनं नवव्या की दहाव्या फेरीला विचारलं.

कारण तोही पृथ्वीभोवती पूर्वेकडे चालतोय, दिवसाला १३ अंश. पृथ्वीला त्याला गाठायला रोज सरासरी ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं. आपल्या चेंदणीच्या कोळ्यांनी हे फार आधी हेरलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास: चतुर्थी, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. भरतीही चंद्रामागे रोज पाऊण तास मागे पडते.

इथे मी जरा वाहवत गेलो. म्हटलं, हे भरती-ओहोटीचं ओढणंच चंद्राला हळूहळू लांब ढकलतंय, वर्षाला ३.८ सेंटीमीटर. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे आरसे ठेवले, त्यांच्यावर लेसर सोडून मोजतात. तुझ्या लग्नाला पन्नास वर्षं झाली ना, तेवढ्यात तो जवळजवळ दोन मीटर लांब गेला.

आईनं गॅलरीच्या दाराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढा?"

"एवढा."

"तरीच उशीर होतो हल्ली."

पावणेचार लाख किलोमीटरच्या वर अंतर आहे, त्यात दोन मीटरनं काय होतंय, हे मी गिळून टाकलं. उपाशी माणसाशी वाद घालू नये.

१०.२२ ला टॉवरच्या गच्चीवरच्या टाकीमागून पिवळी कड निघाली. चंद्राची रुंदी अर्धाच अंश, अर्ध्या करंगळीआड लपेल एवढी. पुरता वर यायला दोन मिनिटं लागतात. आई तेवढीही थांबली नाही. कडेलाच अक्षता वाहिल्या, हात जोडले, आणि उरलेला चंद्र टाकीमागून सुटेपर्यंत माझ्या ताटात वरण-भात पडलाही होता.