टोपीखालचा दात

माझ्या डाव्या बाजूची खालची पहिली दाढ मी दीड वर्षाच्या टाळाटाळीपायी गमावली. २०१४ च्या उन्हाळ्यात त्या दाढेचे रूट कॅनॉल तीन खेपांत पूर्ण झाले, ठणका थांबला, आणि डॉक्टरांनी महिन्याभरात कॅप, म्हणजे दातावर चढवायची टोपी, बसवून घ्या असे स्पष्ट सांगूनही मी ती गोष्ट पुढे ढकलत राहिले. आधी शाळेचे नवे वर्ष सुरू होत होते, मग सहामाही परीक्षा आल्या, मग घरात लग्न निघाले. आणि या सगळ्याच्या मुळाशी माझी अशी पक्की समजूत होती की दुखणे थांबले म्हणजे उपचार संपला, कॅप हा त्यावरचा ऐच्छिक साज आहे. पुढच्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर डब्यात उरलेले एक कडक शंकरपाळे चावताना तोंडात कट् असा आवाज झाला. नस काढून टाकलेली असल्यामुळे फारशी वेदना झाली नाही, फक्त दाढेचे दोन भाग वेगवेगळे हलताना जिभेला जाणवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आरसा धरून ती भेग दाखवली. ती वरून निघून थेट दोन मुळांच्या मधल्या भागात उतरली होती. "मॅडम, आता कॅप बसवायला खाली दातच उरलेला नाही," एवढेच ते म्हणाले.

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. कॅपविषयी मला कोणी काही विचारले की प्रश्न बहुधा धातूची घ्यावी की झिर्कोनिया या पांढऱ्या, कणखर सिरॅमिकची, आणि हमी किती वर्षांची, असा असतो. वर काय बसवायचे याची चर्चा होते, खाली काय उरले आहे हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

रूट कॅनॉल केलेला दात आतून वाळतो आणि म्हणून ठिसूळ होतो, असे सर्रास सांगितले जाते. खरे कारण मुख्यतः दुसरे आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काढलेल्या दातांवर टप्प्याटप्प्याने काम करून त्यांची ताठरता मोजली गेली. केवळ रूट कॅनॉलसाठी पाडलेल्या वाटेमुळे ती जेमतेम ५ टक्क्यांनी घटली. परंतु दाढेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कडा कोरून काढल्यावर ती ६३ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे दाढेला दुबळे करते ती रूट कॅनॉलची सुई नसून आधी पडलेली कीड आणि ती काढताना गेलेल्या भिंती होत. आमच्या लहानपणी गावात सुतार लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवत, ती तापवून बसवत आणि वर पाणी ओतले की आवळली जाऊन चाकाचे सगळे तुकडे एकमेकांना घट्ट धरून ठेवी. कॅपचे काम तसेच आहे. चावताना दाढेची टोके एकमेकांपासून फाकू पाहतात आणि कॅप त्यांना चहूबाजूंनी बांधून ठेवते. माझी दाढ दीड वर्ष धावेशिवाय चालत होती.

मात्र धाव चढवायला चाकाची कड शाबूत लागते, तशीच कॅपलाही पकडायला जागा लागते. हिरडीच्या वर, सभोवार, निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचे निरोगी दाताचे कडे शिल्लक असावे आणि कॅपच्या कडेने ते कवेत घ्यावे, असा दंतवैद्यकातला नियम आहे. हे कडे नसेल तर दाताच्या मुळामध्ये खुंटी घालून, वर भराव रचून त्यावर कॅप बसवता येते खरी, पण सगळा जोर खुंटीवर येतो आणि एक दिवस कॅप खुंटीसकट निघते किंवा मूळच चिरते. मैत्रिणींना मी हाच प्रश्न विचारायला सांगते: डॉक्टर, हिरडीच्या वर माझा स्वतःचा दात किती उरला आहे? कोणताही चांगला डॉक्टर या प्रश्नाने नाराज होत नाही. उलट एक्स-रे समोर धरून समजावून सांगतो, असा माझा अनुभव आहे.

कॅप बसवण्यासाठी दात चारही बाजूंनी आणि वरून घासून बारीक करावा लागतो. पोर्सेलिन चढवलेल्या धातूच्या कॅपसाठी चावण्याच्या पृष्ठभागावर दीड ते दोन मिलिमीटर जागा करावी लागते, झिर्कोनियासाठी त्याहून कमी चालते, आणि निव्वळ धातूची कॅप सर्वांत कमी दात घासून बसते. ऐकायला हे आकडे क्षुल्लक वाटतात, पण पूर्ण कॅपसाठी घासलेल्या दाताचे वजन करून पाहिले असता हिरडीवरच्या भागाचा निम्म्याहून अधिक हिस्सा गेलेला आढळला आहे. एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कवच, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असला तरी तो तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच नाहीशा होतात, त्यामुळे घासलेला थर पुन्हा येत नाही. मोडक्या, भरावाने भरलेल्या दाढेच्या बाबतीत हा सौदा योग्यच आहे. निव्वळ थोडा पिवळा दिसतो म्हणून समोरचा धडधाकट दात घासून घेणे मात्र मला पटत नाही.

पुढचे काम मापाचे. हिरडी बाजूला सारण्यासाठी तिच्या आणि दाताच्या मधल्या फटीत बारीक दोरा दाबून बसवतात, मग साच्यातला लगदा किंवा हल्ली छोटा कॅमेरा वापरून माप घेतात. प्रयोगशाळेतून पक्की कॅप येईपर्यंत प्लॅस्टिकची तात्पुरती कॅप लावतात. ती टाळू नये. उघडा दात झोंबतो आणि आजूबाजूचे दात जरासे सरकले तरी पक्की कॅप बसत नाही. रंग ठरवायचा तो दिवसाच्या उजेडात आणि काम सुरू होण्यापूर्वी, कारण तोंड बराच वेळ उघडे राहून दात कोरडा पडला की तो प्रत्यक्षाहून पांढरा दिसतो. पक्की कॅप आल्यावर डॉक्टर दातांत रंगीत कागद धरून कटकट करायला सांगतात आणि जिथे ठळक ठिपका उमटतो तिथे घासतात. हा टप्पा रुग्णाने घाईत उरकू देऊ नये. कॅप केसभर उंच राहिली तरी प्रत्येक घासाचा पहिला दणका तिलाच बसतो, आणि आठवड्याभरात दाढ आणि जबडा दुखू लागतात.

धातू, पोर्सेलिन, झिर्कोनिया यांविषयी फार लिहीत नाही. मागच्या दाढेला, जी हसताना दिसत नाही, झिर्कोनियाची किंवा साधी धातूची कॅप उत्तम टिकते. पोर्सेलिन चढवलेल्या कॅपचा वरचा थर कधी कधी टवका उडून निघतो. निकेल असलेल्या दागिन्यांनी ज्यांना खाज सुटते त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण स्वस्त धातूच्या कॅपमध्ये बहुधा निकेल असते.

आता माझ्या रिकाम्या जागेकडे वळते. दाढ काढल्यावर जखम भरून येण्यासाठी सुमारे तीन महिने थांबायचे होते. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी अशीच जागा बारा वर्षे रिकामी ठेवली होती. त्यांची मागची दाढ पुढे कलंडली, वरची दाढ समोर कोणी अडवणारे नसल्याने खाली उतरली, आणि शेवटी दात बसवायचा ठरला तेव्हा त्याला उंचीच उरली नव्हती. त्यामुळे जागा तशीच सोडायची नाही एवढे माझे ठरले होते. काढती-घालती कवळी मला नको होती. राहिले दोन मार्ग, ब्रिज आणि इम्प्लांट.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप आणि त्या दोहोंना जोडलेला मधला खोटा दात. कल्पना फार जुनी आहे. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सोन्याच्या पट्टीने शेजारच्या दातांना बांधलेले दात सापडले आहेत, आणि ते इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकापर्यंत मागे जातात. त्या पट्टीत आणि आजच्या ब्रिजमध्ये एक फरक असा की पट्टी बांधायला शेजारचे दात घासावे लागत नसत, आजच्या ब्रिजला लागतात. ज्या पहिल्या दवाखान्यात मी चौकशी केली तिथे ही गोष्ट मला सांगितलीच गेली नाही. "तीन दातांचा ब्रिज, दोन बैठकांत काम" एवढे सांगून मापासाठी खुर्चीवर बसायला सांगितले गेले. शेजारच्या दातांचे काय करणार, असे मी विचारल्यावर "थोडे शेप देऊ" हे उत्तर मिळाले. मी उठून आले. शेप देणे या शब्दांमागे दोन दातांचे एनॅमल कायमचे जाणार हे दडलेले असेल, तर रुग्णाची संमती ही संमती राहत नाही, आणि याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी तासभर वेळ दिला. त्यांनी सांगितले की मधल्या दाताचा सगळा भार आता शेजाऱ्यांच्या मुळांवर येणार आहे. म्हणून इर्विन अँटे या दंतवैद्यांनी १९२६ साली मांडलेला ठोकताळा अजून शिकवला जातो की आधाराच्या दातांच्या मुळांचे क्षेत्रफळ निदान गेलेल्या दातांच्या मुळांइतके तरी असावे. हा नियम आज पूर्वीइतका काटेकोर मानत नाहीत, पण दोन दातांच्या भरवशावर तीन-चार दात टांगू नयेत हा त्यातला शहाणपणा टिकून आहे. इम्प्लांटमध्ये हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात आणि शेजाऱ्यांना हात लागत नाही. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनमधील संशोधक पर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या ध्यानात आले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. माझे दोन्ही शेजारी निरोगी असते तर मी तोच मार्ग घेतला असता, त्यासाठी वर्षभर पैसे साठवावे लागले असते तरी. परंतु मागच्या दाढेत जुना, मोठा, चांदीसारखा भराव होता आणि तिची एक भिंत आधीच तडकलेली होती. पुढच्या दातातही कीड भरलेली होती. दोघांनाही आज ना उद्या कॅप लागणारच होती. अशा वेळी ब्रिज हा काही निरोगी दातांचा घेतलेला बळी ठरत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मी ब्रिज बसवला.

समोरचा दात गेला असेल तर मागच्या बाजूने पातळ पंखाने चिकटवलेला ब्रिज हा कमी घासणीचा पर्याय असतो. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात ही पद्धत विकसित झाली म्हणून तिला मेरीलँड ब्रिज म्हणतात. तरुण मुलामुलींसाठी तो अवश्य विचारून पाहावा. खर्चाची अडचण असेल त्यांनी सरकारी आणि पालिकेच्या दंत महाविद्यालयांत जावे. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालये आहेत. तिथे विद्यार्थी काम करतात, खेपा जास्त पडतात, पण प्रत्येक टप्पा प्राध्यापक तपासतात.

ब्रिज कसा बिघडतो हे मी आईच्या तोंडात पाहिले. तिचा ब्रिज वीस वर्षांहून अधिक टिकला. मग तोंडाला एक वास येऊ लागला आणि गोड खाल्ले की एका बाजूला झिणझिण्या येत. ब्रिज हलत नव्हता म्हणून आम्ही कोणी त्याकडे पाहिले नाही. प्रत्यक्षात एका कॅपखालचे सिमेंट विरघळून गेले होते, आणि दुसरी कॅप घट्ट असल्यामुळे ब्रिज जागेवर राहिला होता. कॅपला कीड लागत नाही, पण कॅपची कड जिथे संपते तिथे दात उघडाच असतो. त्या फटीतून शिरलेल्या किडीने आतला दात काळा, मऊ करून टाकला होता. ब्रिज काढला तेव्हा तो दात ब्रिजबरोबरच हिरडीपाशी तुटून आला. आईने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "इतकी वर्षं माझ्याजवळ होता," ती म्हणाली.

म्हणून माझ्या ब्रिजखालून मी रोज रात्री दोरा फिरवते. साधा फ्लॉस वरून जात नाही, कारण तिन्ही दात एकमेकांना जोडलेले आहेत. एका टोकाला कडक आणि मध्ये फुगीर, स्पंजासारखा असलेला खास फ्लॉस मिळतो. कडक टोक बाजूने ओवायचे, खोट्या दाताच्या पोटाखालून फुगीर भाग पुढे-मागे ओढायचा, मग दोन्ही आधाराच्या दातांच्या कडेला टेकवून वर-खाली करायचा. सुरुवातीला दहा मिनिटे लागत, आता दोन लागतात. भाकरीचे कण आणि कोथिंबिरीची पाने तिथून रोज निघतात. सुपारी मी बंद केली आहे. आमच्याकडे जेवणानंतर अडकित्त्याने कातरलेली कच्ची सुपारी चघळण्याची सवय घरोघरी आहे, आणि झिजलेल्या, तडकलेल्या दाढांमागे ती किती वेळा असते हे डॉक्टरांना विचारावे.

ज्या दाढेपासून हे सारे सुरू झाले ती तोंडात येते साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता. त्यामुळे आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि पडून नवी येईल या समजुतीने तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. माझ्या बाबतीत तसेच झाले असणार; त्या दाढेत पहिला भराव मी नऊ वर्षांची असताना पडला होता. मागच्या महिन्यात माझ्या भाच्याचा मुलगा सहा वर्षांचा झाला. टॉर्च घेऊन मी त्याच्या तोंडात पाहिले तेव्हा खाली दोन्ही बाजूंना हिरडीतून खोल घळी असलेली पांढरी टोके वर आलेली दिसली. दाढा पूर्ण वर आल्या की त्या घळींवर डॉक्टरांकडून सीलंटचा, म्हणजे घळी बुजवून कीड रोखणाऱ्या लेपाचा, थर लावून घ्यायचा, असे त्याच्या आईशी बोलणे झाले आहे. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधीची तारीखही घेऊन ठेवली आहे.