किडनी राखून गाठ काढताना रोबोट कुठे कामी येतो

किडनीत चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ निघाली, तर अख्खी किडनी काढायला लगेच हो म्हणू नका. जागा सोयीची असेल तर सात सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीतही निरोगी भाग राखता येतो. साध्या दुर्बिणीनेही हे ऑपरेशन होतं. रोबोटचा फायदा दिसतो तो टाके घालताना.

गाठ कापण्याआधी किडनीच्या धमनीला बुलडॉग क्लॅम्प, म्हणजे रक्त थांबवणारा छोटा चिमटा, लावतात. रक्त थांबलं की किडनीच्या पेशी उपाशी राहतात, म्हणून क्लॅम्प साधारण 25 मिनिटांच्या आत निघावा असा प्रयत्न असतो. तेवढ्यात गाठ सुटी करायची आणि खड्डा शिवायचा. दुर्बिणीच्या सरळ दांड्याने खोल खड्ड्यात तिरकी सुई फिरवणं फार जिकिरीचं असतं; रोबोटचं मनगट सुईच्या वाकाबरोबर वळतं.

पण वेळ वाचतो तो खरं तर आधीच्या तयारीने. अल्ट्रासाउंडचा छोटा प्रोब किडनीवर टेकवून गाठीची कड पाहतात आणि कापायची रेघ आखून घेतात. सुया-धागे आधीच पोटात आणून ठेवतात. सुमारे चौघांतल्या एकाला एकाच किडनीला एकापेक्षा जास्त धमन्या असतात. त्यातली एक नजरेतून सुटली तर क्लॅम्प लावूनही खड्डा रक्ताने भरतो आणि गाठीची कड दिसेनाशी होते. म्हणून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, सर्जनने स्वतः बारकाईने बघायलाच हवी.

खड्ड्याचा तळ 3-0 या बारीक धाग्याने सलग शिवतात. उघड्या रक्तवाहिन्या आणि लघवीची पोकळी तिथेच बंद होते. बरेच सर्जन इथेच क्लॅम्प काढतात. मग वरच्या कडा जाड धाग्याने जवळ आणतात. धाग्यावरची प्लास्टिकची क्लिप सरकवत ताण द्यायचा आणि पृष्ठभाग किंचित दबला की थांबायचं. आपल्याकडच्या बहुतेक रोबोटमध्ये हाताला ताण जाणवत नाही, तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो. जास्त ओढलं तर धागा किडनीला चिरत जातो.

शेवटी ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसचा दाब 12-15 वरून 5 मिमी पाऱ्यापर्यंत (mmHg) उतरवून काही मिनिटं बघतात. गॅसच्या दाबाने शिरा मिटलेल्या असतात. दाब उतरला की लपलेलं रक्त दिसतं. ही पायरी घाईत गाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांतही लघवीतून अचानक लाल रक्त किंवा गुठळ्या येऊ शकतात. कापलेल्या धमनीला फुगा आल्याची ती खूण असू शकते. पाणी पिऊन वाट बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बहुतेकदा मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून ती धमनी आतून बंद करता येते, पुन्हा पोट उघडावं लागत नाही. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आलं म्हणून ऑपरेशन केलेली किडनी शाबूत आहे असं धरू नका, दुसरी किडनी भार उचलत असते. त्या बाजूचं काम किती उरलं हे डीटीपीए स्कॅनमध्ये, म्हणजे प्रत्येक किडनीचं काम वेगवेगळं मोजणाऱ्या तपासणीत, कळतं.