सातनंतर मेसेज बघणार नाही

आज टीमच्या ग्रुपवर सरळ लिहून टाकलं: "सातनंतर मेसेज बघणार नाही. खरंच अडलं तर फोन करा." पाठवताना छातीत धडधडत होतं. आता दहा वाजत आलेत, एकही फोन नाही. रोज रात्री 'अर्जंट' म्हणून येतं त्यातलं बरंचसं सकाळपर्यंत थांबू शकतं, हे आज कळलं.

लेक तिच्या मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबायची, टेबलावर पालथ्या पडलेल्या फोनकडे बघायची आणि मग पुढे बोलायची. मी कधीही उठेन, हे तिने गृहीतच धरलं होतं. फार लागलं ते.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडलं होतं की, काम अर्धवट टाकून दुसरीकडे वळलं की लक्षाचा एक भाग मागेच अडकून राहतो. म्हणजे "दोन मिनिटांत रिप्लाय देते" ही दोन मिनिटं कधीच दोन नसतात!

ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर आलेल्या मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय, नकार अवाजवी नसेल तर. सगळीकडे असा कायदा येईपर्यंत आपलं आपणच बोलायला हवं. कुढत बसून कोणाला काही कळत नाही.

आणि ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांना मनापासून विनंती: रात्री काही सुचलं तर जरूर लिहा, फक्त मेल सकाळी जाईल असा शेड्यूल करून ठेवा.