ग्लेझच्या भट्टीत जागा मिळेपर्यंत: माझा अनुभव

पुण्यातल्या ज्या सामुदायिक सिरॅमिक स्टुडिओत मी काम करते, तिथे शिकाऊ सभासदाचा स्वतंत्र सभासद होणे एकंदरीत सोपे आहे. अर्ज, शुल्क, चाकावरचे शिक्षण, पहिली बिस्क भट्टी (म्हणजे ग्लेझ लावण्याआधीचे कच्च्या भांड्याचे पहिले भाजणे), कुठेच काही अडले नाही. अडले ते ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावर काचेसारखा थर देणाऱ्या लेपाच्या, भट्टीपाशी, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आमच्याकडे पगारी व्यवस्थापक नाही. अनुभवी कलाकार पाळीपाळीने स्टुडिओ सांभाळतात आणि त्यांच्या सहीशिवाय एकही भांडे ग्लेझच्या भट्टीत जात नाही. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. बिस्क भट्टी साधारण १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि तिच्यात भांडी एकमेकांना टेकली तरी बिघडत नाही. ग्लेझची भट्टी मात्र सुमारे १२२० अंशांपर्यंत जाते, तिथे ग्लेझ वितळून काच होते आणि थंड होताना ज्याला लागलेली असेल त्याला कायमची चिकटते. म्हणून माती कोणती हेही विचारले जाते, कारण माठांची लाल माती एवढ्या उष्णतेला फुगते किंवा बसते आणि गणपतीची शाडू तर भाजण्यासाठी नसतेच.

मी माझ्या वाडग्यांसाठी लाकडाच्या राखेचे ग्लेझ कालवले होते. राखेतला चुना ग्लेझला पातळ करतो, त्यामुळे ते ओघळण्याची भीती असते. पाळीवरच्या ताईंनी एक वाडगा उलटा केला, बुडाच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि खिडकीच्या उजेडात धरून विचारले, "टाइल कुठे आहे?" टाइल म्हणजे नवे ग्लेझ आधी आजमावून पाहण्यासाठीचा मातीचा छोटा तुकडा. मी टाइल केली, ती पुढच्या भट्टीत भाजली गेली आणि ग्लेझ सुरेख उतरले. तोवर पाळी बदलली होती. नव्या पाळीच्या सरांनी टाइल पाहून वहीत सही करायला नकार दिला. "ही आडवी ठेवून भाजली आहे. आडव्या टाइलवर ग्लेझ कुठे ओघळणार? उभी करून आण."

त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, पण ते आधी कोणी सांगितले नव्हते आणि कुठे लिहिलेलेही नव्हते. त्यातच पावसाळा लागला. दमट हवेत कच्ची भांडी वाळत नाहीत, आणि ओल राहिलेले भांडे बिस्कला लावले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते. बिस्क लांबले की ग्लेझला भांडी कमी येतात आणि अर्धवट भरलेली भट्टी विजेच्या खर्चामुळे लावत नाहीत. माझी उभी टाइल फळीवर धूळ खात राहिली. रोज वहीतला रिकामा रकाना पाहून चरफडत घरी जायचे, एवढेच माझ्या हाती होते. ज्येष्ठांना विचारावे तर प्रत्येकाचे उत्तर एकच, "भट्टी भरली की लावू."

अखेर भट्टी भरली, टाइलवर ओघळ अर्ध्यावर थांबलेला दिसला, सरांनी सही केली आणि त्यानंतरच्या भट्टीतून वाडगे बुडाच्या वर स्वच्छ रेषा ठेवून बाहेर आले. त्या दिवशीचा आनंद मी लपवला नाही.

नव्या सभासदांना माझे सांगणे असे की नवे ग्लेझ करायचे असेल तर त्याची टाइल मे महिन्यातच भाजून घ्यावी, आणि ती उभी राहील अशी, खाली पाय काढूनच करावी. बुडापासून किमान पाव इंच जागा ओल्या स्पंजने पुसून कोरी ठेवावी; ओघळणारे ग्लेझ असेल तर आणखी जास्त. आणखी एक आठवले: नाव बिस्कच्या आधी, माती ओलसर असतानाच बुडाला कोरावे, कारण पेन्सिलीचे नाव भट्टीत जळून जाते. टेबल आणि फरशी कधीही झाडू नये, ओल्या फडक्यानेच पुसावी. सुक्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत साठते, आणि याबाबत ज्येष्ठ कलाकार जेवढे कडक आहेत तेवढे असायलाच हवेत. गुरुवारी पाणी बंद असण्याची शक्यता धरून बुधवारी संध्याकाळी बादल्या भरून ठेवाव्यात.

ज्येष्ठांकडे मी एकच मागणी केली आहे: एका पाळीने मान्य केलेले दुसऱ्या पाळीने फिरवायचे असेल, तर तो नियम आधी कागदावर यावा. ताईंनी ती मान्य केली असून टाइलचा नियम आता त्यांच्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. मातीच्या प्रकारांचा नियम लिहायचा अजून बाकी आहे.