तुम्ही विचारलंत म्हणून: कोबीला गड्डा का धरत नाही?

"नुसती पानंच येताहेत, गड्डा कुठाय?" सोबत फोटो. फोटोत सहा इंची कुंडी, त्यात तीन रोपं, आणि महिना मार्च. या प्रश्नाला मी इतक्यांदा "ही मुंबई आहे, महाबळेश्वर नव्हे" असं उत्तर दिलंय, की आता ते माझं मलाच पटत नाही. अगदी खोटं नाही ते. पण आळशी आहे.

त्यातला खरा भाग आधी उरकतो. गड्डा भरायला १५ ते २० अंश तापमान मानवतं. आपल्याकडे तेवढा गारवा फार तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. म्हणून हिशेब उलटा करायचा: गड्डा जानेवारीत भरायचा, तर रोप नोव्हेंबरच्या मध्याला पिशवीत, आणि बी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. सप्टेंबरात घाई केलीत तर परतीच्या पावसात रोपं बुडाशी सडून कोलमडतात. फेब्रुवारीत राणीच्या बागेतलं झाडा-फुलांचं प्रदर्शन पाहून आल्यावर पेरलंत, तर माझ्याकडे इलाज नाही. जात लवकर येणारी हवी. गोल्डन एकर लावणीपासून साधारण दोन महिन्यांत तयार होते. पुसा ड्रम हेडला थंडी जास्त लागते, इथे ती नको. पाकिटावर नुसतं 'कोबी' असेल तर ते परत ठेवा.

एका रोपाला १२ बाय १२ इंचाची एक पिशवी. एकच रोप, कितीही जीव तुटला तरी. माती, कोकोपीट, गांडूळखत सारखं, वर मूठभर निंबोळी पेंड. सहा तास ऊन. पाणी नेमानं, दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बदाबदा ओतलं की भरलेला गड्डा तडकतो.

एवढं सगळं वेळेवर केलेल्या गच्चीवरच्या आठ पिशव्यांमुळे माझं जुनं उत्तर लंगडं पडलं. डिसेंबरचा दुसरा आठवडा, रोपं दहा-बारा पानांची. बाहेरच्या पानांवर बारीक खिडक्या दिसायला लागल्या: हिरवा गर खरवडलेला, वरचा पापुद्रा तसाच. ही अळी ओळखीची. हिरवी, बारीक, हात लावला की मागे वळवळते आणि धाग्याला लोंबकळते. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. वेचून काढल्या, निंबोळी अर्क मारला, आणि मनात तिचा निकाल लागला. चूक इथेच झाली. नजर बाहेरच्या पानांवर राहिली.

मधोमध, जिथे कोवळी पानं अजून मिटलेली असतात, तिथे दोन पानं जाळ्यानं चिकटलेली होती. ती फाकवली तर आत ओला भुसा असावा तशी विष्ठा, आणि मळकट अळी, अंगावर तांबूस उभ्या रेघा, डोकं काळं. ही वेगळी, गड्डा पोखरणारी. पानांना ती फारसं खिजगणतीत धरत नाही, थेट शेंड्यात शिरते. आणि कोबीचा गड्डा म्हणजे त्या एका शेंड्याभोवती एकावर एक मिटत गेलेली पानं. शेंडा गेला की रोप हिरवंगार राहतं, पानं ढालीएवढी होतात, गड्डा मात्र येत नाही. पाच पिशव्यांत पानांच्या बगलेतून चार-चार फुटवे आले, प्रत्येकावर लिंबाएवढी गोळी. त्या वर्षीही विचारणाऱ्यांना मी सांगितलं, "उकाडा हो."

फवारा तेव्हा उपयोगाचा नव्हता. जाळ्याआड पोचत नाही, आणि कोबीचं पान मेणचट, त्यावरून पाणी घरंगळतं. जे करायचं ते आधीच: लावणीच्या दिवशीच पिशवीवर काड्या रोवून मच्छरदाणीचं कापड, खालून घट्ट बांधलेलं. कोबीला परागीभवन लागत नाही, त्यामुळे जाळी काढणीपर्यंत राहिली तरी हरकत नाही. जाळी नसेल तर आठवड्याला बीटीची (जिवाणूंपासून केलेलं अळीनाशक) फवारणी, पाण्यात साबणाचे दोन थेंब, तीही संध्याकाळी. उन्हात बीटी टिकत नाही. आणि दर दोन दिवसांनी मधली पानं बोटानं उघडून बघणं.

हुशार वाचक आता विचारेल, उरलेल्या तीन पिशव्यांचं काय? त्यांचे शेंडे शाबूत होते. एकीत अंगठ्यानं दाबलं तरी दबणार नाही असा गड्डा आला. दोन पोकळ, सैल, दाबले की फुसकन बसणारे. ते अळीचं काम नाही. ऊन, खत, माती तिघींची एकच, म्हणजे पुन्हा उकाडाच म्हणा हवं तर. पण मग तो तिसरा त्याच उकाड्यात कसा भरला? बी एकाच पाकिटातलं होतं.

तेव्हा पुढचा फोटो बाजूनं काढू नका. वरून काढा, मधली दोन पानं फाकवून, आणि बी कोणत्या तारखेला पेरलं ते सोबत लिहा.