अंगठा दिसला की वर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मालवणात पाय ठेवायला जागा नाही, आणि माझ्याकडे स्कूबा डायव्हिंगला आलेले इचलकरंजीचे एक साहेब पाण्याखाली पाच मीटरवर मला मस्तपैकी अंगठा दाखवतायत. मी त्यांना धरलं आणि वर घेऊन आलो. तोंडातला रेग्युलेटर, म्हंजे टाकीतली हवा देणारी नळी, निघाल्या निघाल्या जे काय सुरू झाले, अहो मी एक नंबर म्हणत होतो, वर कशाला आणलंत, पैसे भरलेत आम्ही! आता पाण्याखाली अंगठा वर म्हंजे 'मला वर न्या' आणि सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल, हे होडीवर तीन वेळा सांगितलेलं, करूनपण घेतलेलं. पण फोटोत अंगठा दाखवायची सवय हाताला असते, तो जातोच वर. ते खूश आहेत हे मला डोळ्यांवरून कळत होतं खरं तर. तरीपण अंगठा दिसला की वर, तिथे मी अंदाज लावत बसत नाही. नंतर परत खाली नेलं, मासे दाखवले, आणि जाताना टिप देऊन गेले साहेब.

मालवणात येणारे बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदा टाकी पाठीवर घेतात. निम्म्यांना पोहता येत नाही, आणि 'पोहता येत नसेल तरी चालेल' हे आमच्याच बोर्डांवर लिहिलेलं असतं. चालतं, खोटं नाही ते. पण मग त्या माणसाची हवा, खोली, मास्क, कान, घाबरणं, सगळं माझ्याकडे आलं ना. पॅडी म्हणून डायव्हिंग शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या नियमात अशा पहिल्या डाइव्हला समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त ४ जण आणि १२ मीटरची मर्यादा आहे. आमच्या इथलं गढूळ पाणी बघता मी एका वेळी एकच नेतो, टाकीवरचा हात सोडत नाही.

'पाच मीटरवर काय होतंय' हे वाक्य पर्यटकांपेक्षा आमच्याच धंद्यातल्या लोकांकडून जास्त ऐकलंय मी. अहो १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, तिथे छातीत भरलेली हवा रोखून धरून माणूस वर आला तर ती दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस काय फुगा नाही. आणि हवेच्या फुगण्याचा सगळ्यात मोठा फरक वरच्या थोड्या मीटरांतच पडतो, छाती पूर्ण भरलेली असेल तर एक-दीड मीटरवरूनसुद्धा श्वास रोखून वर येणं महागात पडू शकतं. म्हणून आमची सगळी रेकॉर्ड एकच वाजते, तोंडाने श्वास घ्या, सोडा, रोखू नका.

फॉर्मचं तर विचारूच नका. दमा, हृदय, फिट, ऑपरेशन, सगळ्याला 'नाही' 'नाही' टिका मारतात, न वाचता. मागे पुण्याचे एक काका, फॉर्म एकदम स्वच्छ, आणि होडीत बसल्यावर खिशातून दम्याचा पंप काढून दोन झुरके मारले. मी म्हटलं काका हे काय, तर म्हणे सवय आहे रे, त्रास कधीतरीच होतो. दम्यात हवा आत अडकू शकते, वर येताना तीच फुगणार. म्हटलं डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग नेतो. पैसे परत दिले, तरी अख्खं कुटुंब माझ्यावर नाराज, बुकिंगवाला तर दोन दिवस फोन उचलेना. अमावस्येच्या उधाणाला पण तेच, पाण्याला ओढ, खाली स्वतःचा हात दिसत नाही, मी होडी काढत नाही तर लगेच, शेजारच्याची गेली, तुमची का नाही? गेली असेल बाबा.

हे शहाणपण मला पहिल्यापासून होतं असं नाही. दुसऱ्या सीझनला एक कॉलेजची मुलगी होती माझ्याकडे. खडकाजवळ मासे जमलेले, व्हिडिओवाल्याने फ्रेमसाठी मला बाजूला हो अशी खूण केली आणि मी त्याच्याकडे बघितलं. वळलो तोवर तिच्या मास्कमध्ये पाणी, रेग्युलेटर तोंडाबाहेर आणि दोन्ही हात वर. रेग्युलेटर परत तोंडाशी धरून हवेचं बटण दाबलं, घेईना. मग तिच्या तरंगायच्या जॅकेटमधली हवा सोडली, घट्ट धरलं आणि पोटावर मूठ दाबत दाबत, श्वास बाहेर पडेल असं, वर आणलं. खोकली, रडली. छातीत दुखतंय का, थुंकीत रक्त आहे का बघितलं, नव्हतं, तरी डॉक्टरकडे नेलं. ठणठणीत निघाली. माझे हात मात्र रात्री जेवताना पण थरथरत होते. आणि वडिलांनी संध्याकाळी फोन करून काय विचारावं, दादा व्हिडिओ कधी मिळेल?

तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे. दर ऑक्टोबरला सीझन सुरू व्हायच्या आधी नवीन पोरांना दाखवतो आणि विचारतो, तुम्ही हिला कधी वर आणलं असतंत? बहुतेक जण रेग्युलेटर निघतो तिथे बोट ठेवतात. कोणीतरी थोडं आधीचं सांगतो, ती सारखी मास्क चाचपते आणि बुडबुडे भराभर यायला लागतात तिथे. मीपण तेच उत्तर धरून चालायचो.

यंदा दांडी किनाऱ्यावरच्या रापणकराचा, म्हंजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, एक मुलगा आलाय शिकायला. त्याने व्हिडिओ पार सुरुवातीला नेला, होडीवर सगळे कॅमेऱ्याला हात करतायत तिथे, आणि म्हणाला, "तिचो दुसरो हात बघा, होडयेची कड सोडूक नाय तिना." एवढी वर्षं तो व्हिडिओ बघतोय, तो हात मला दिसलाच नव्हता.