रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग अजून काय होतंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं गेलं वर्षभर सगळेच विचारतायत, शाळेत, बाजारात, लग्नाच्या मांडवात. "रिपोर्ट बरे इले मां? मगे अजून काय होता तुका?" विचारण्यात माया असते, ते मला कळतं. पण मी तोंड उघडायच्या आत समोरचं माणूस स्वतःच उत्तर देऊन मोकळं होतं. "अशक्तपणा असतोच, पेज घे, आराम कर." नाहीतर, "मनावर घे, फिरत जा." दोन्हीला मी आजवर मान डोलावली. आज नाही डोलावणार.

गेल्या वर्षी मला लेप्टो झाला, चिखलपाण्यातून, पायाच्या जखमेतून अंगात शिरणारा ताप, आणि मी आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते. तो लेप्टो गेला. किडन्या चालतायत, प्लेटलेट भरल्या, छातीचा फोटो स्वच्छ आहे. जे गेलंय ते रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. माझ्या मांड्यांचं मांस गेलंय. अंगात एवढा दाह उसळला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि त्यात माणूस औषधाने झोपवलेला, निपचित पडलेला. लंडनच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूची सोनोग्राफी करून मोजमाप घेतलं, ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. दहा दिवसांत तो स्नायू सरासरी जवळजवळ १८ टक्के आटला होता. ज्यांचे जास्त अवयव निकामी झाले होते, त्यांचा त्याहूनही जास्त. श्वासाचा पडदासुद्धा व्हेंटिलेटरवर राहून दुबळा होतो. कित्येकांच्या नसाही दुखावतात.

शुद्धीवर आल्यावर फिजिओ मॅडमनी ताकद तपासली. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा, दोन्ही बाजू, प्रत्येकाला पाचपैकी गुण. एकूण ६०. ४८ च्या खाली गेलं की ही आयसीयूतली दुर्बलता धरतात. "हात वर उचला," त्या म्हणाल्या. मी उचलला, म्हणजे मला तसं वाटलं. दंडाचा स्नायू कातडीखाली नुसता थरथरला, हात गादीवरच. त्यांनी त्या खांद्याला एक गुण लिहिला. मी ४८ च्या खूप खाली होते.

आता चतुर्थीचं सांगते, कारण 'मनावर घे' या शब्दांचा मला एवढा राग का येतो ते त्याशिवाय कळायचं नाही.

दुखण्यानंतरची पहिली चतुर्थी. घरात मी खुर्चीवरच बसायचे, पण मूळ घरी सगळ्या जावा खाली बसून मोदकांच्या तयारीला लागलेल्या, तिथे मला खुर्ची नको झाली. खोबरं खवायला विळीवर बसले. बसणं जमलं, नारळ खवून झाले, बरं वाटलं. मग बाहेर आरती सुरू झाली आणि सगळ्या उठून गेल्या. मी कुशीवर झाले, दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, गुडघ्यांवर आले, एक पाऊल पुढे घेतलं. इथवर ठीक. इथून पुढे सगळं वजन एका मांडीवर येतं. मांडी अर्ध्यात लटपटली आणि मी खाली बसले. पुन्हा. चौकट धरून पुन्हा. हाताला खोबऱ्याचं तेल, चौकट सटकत होती. घामाने पोलकं भिजलं. टाळांच्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार?

पुतण्या कापूर न्यायला आत आला. त्याने घाबरून दंडाला धरून ओढलं, तर खांद्यातून कळ गेली. त्याच्यामागून मोठ्या जाऊबाई आल्या. "मनार घे गो, ऊठ!" त्या क्षणी माझ्याकडे मनाशिवाय दुसरं काही नव्हतंच. होतं नव्हतं ते सगळं मी त्या एका मांडीत ओतलं होतं, आणि मांडी उचलत नव्हती. शेवटी बसूनच सरकत सरकत मागीलदारच्या पायरीपाशी गेले, पायरीवर अंग चढवलं आणि तिथून उठले. तोवर आरती संपली होती. जाऊबाईंवर माझा राग नाही. माझी सगळी धुणीभांडी त्यांनीच काढली आहेत. पण ते वाक्य मी विसरू शकत नाही.

पेजेचंही सांगते. पेज मला आवडते, पण तिच्यावर स्नायू भरत नाहीत. अंडी, मासे, कुळथाची पिठी रोज लागते, आणि नुसतं खाऊनही भागत नाही. मिठाची पुडी जुन्या ओढणीत गुंडाळून घोट्याला बांधते आणि खुर्चीत बसून पाय सरळ करते. हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा सराव करते. थकते, मग दुसरा अख्खा दिवस लोळून काढते. तो आळस नाही.

सुरुवातीला मी सगळा दोष आयसीयूला द्यायचे. मला कुणी बेडच्या कडेला बसवलं नाही, नळ्या ओढेन म्हणून हात बांधले. २००९ चा अमेरिकेतला अभ्यास मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. व्हेंटिलेटरवर असतानाच लवकर हालचाल सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के लोक डिस्चार्जच्या वेळी स्वतःचं स्वतः करू शकत होते, इतरांपैकी ३५ टक्के. मग २०२२ ची मोठी चाचणी वाचनात आली. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेली. त्यात आणखी लवकर, आणखी जोरात हालचाल करवून फायदा दिसला नाही, उलट हृदयाचे ठोके, रक्तदाब बिघडण्याचे प्रकार वाढले. म्हणजे माझी तक्रार खोटी? तसंही म्हणवत नाही. तिथे नेहमीच्या उपचारातही रुग्णाला हलवतात, मला तेवढंही मिळालं नाही. पण माझे सगळे अवयव तेव्हा धड नव्हते, आणि एका सिस्टरकडे किती बेड होते तेही मी पाहिलंय. या बाबतीत माझं माझ्याशीच अजून पटत नाही.

आणि पूर्वीसारखी कधी होणार? टोरांटोच्या डॉक्टरांनी फुप्फुसं निकामी होऊन वाचलेल्यांना पाच वर्षं तपासलं. सहा मिनिटांत ते जेवढं चालत, ते त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या मानाने पाच वर्षांनंतरही ७६ टक्क्यांवर होतं. मला एकच वर्ष झालंय.

यंदा भाताच्या लावणीला शेतात उतरणार का, असंही विचारता. नाही. चिखलातून पाय उपसायला मांडीच लागते. तुम्ही उतरणार असाल तर पायाला जखम नाही ना ते बघा, आणि लेप्टो टाळायच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळीचं आरोग्य केंद्रात आधी विचारून घ्या.